मेंदूतलं पूर्णा जंक्शन
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी 'तुझ्या कामाबद्दल वीस मिनिटं बोल' असं सांगितलं तेव्हा मी आधी नाहीच म्हणाले होते. जेवण तयार असताना सॉफ्टवेअरवर भाषण ऐकायला लावणं म्हणजे पंगत बसवून वाढप्यांना परत पाठवणं. पण गेल्या काही महिन्यांत आपल्या ग्रुपवर आणि फोनवर एकाच तऱ्हेचं बोलणं पुन्हा पुन्हा येत राहिलं. एकाचे वडील रोजच्या रस्त्याने घरी येताना वळण चुकले. एकीच्या सासूबाई एकच गोष्ट एका सकाळी चार वेळा सांगतात. एकजण, तो समोरच बसलाय म्हणून नाव घेत नाही, मला रात्री साडेअकराला फोन करून म्हणाला, "तू मेंदूच्या सॉफ्टवेअरवर काम केलंस ना? मग सांग, हे वयाचं विसरणं आहे की दुसरं काही?" त्याला मी फोनवर नीट उत्तर देऊ शकले नाही. आज प्रयत्न करते.

सुरुवात आमच्या घरापासून करते. माझे बाबा तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहेत, तहसील कचेरीतले. जन्म १९३८ चा. प्राथमिक शाळा निजामाच्या राज्यात झाली, म्हणून मराठीसोबत उर्दूही गिरवली. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात आलं तेव्हा ते दहा वर्षांचे होते. ती उर्दू पुढे नोकरीत कामाला आली. जमिनीचे जुने कागद वाचून घ्यायला सेनगाव, कळमनुरीकडची माणसं त्यांच्या निवृत्तीनंतरही आमच्या ओट्यावर येऊन बसायची.

हिशेबाला माणूस पक्का. दुधाचा हिशेब भिंतीवरच्या कालनिर्णयावर. रोजचा लिटरचा आकडा, खाडा झाला तर फुली, आणि महिन्याचे पैसे दिले की त्या तारखेला गोल. २०१७ च्या दिवाळीत मी पुण्याहून घरी आले आणि सहज मागची पानं चाळली. सप्टेंबरच्या पानावर दोन गोल होते, तीन दिवसांच्या अंतराने. जुलैच्या पानावरही दोन. आणि काही चौकोनांत बाबांच्या निळ्या आकड्याशेजारी पेन्सिलीची बारीक टिंबं होती. ती आईची. तिला विचारलं तर म्हणाली, "काही नाही गं, वय झालं आता." दूधवाला भला माणूस, दुसऱ्यांदा दिलेले पैसे तो गुपचूप आईच्या हातात आणून द्यायचा. टिंबं कधीपासून आहेत म्हणून विचारलं, तर मागच्या वर्षीच्या पोळ्यापासून. म्हणजे वर्षभर ती बाई एकटीच नोंद ठेवत होती, आणि आम्हा पाचही भावंडांना पत्ता नव्हता.

मी काय केलं? काहीही नाही. इंजिनिअर ना मी. सातवी शिकलेल्या आईच्या पेन्सिलीला पुरावा मानायची माझी तयारी नव्हती.

गंमत अशी, की नेमक्या त्याच वर्षी मी याच विषयावर काम करत होते. नांदेडला इंजिनिअरिंग झाल्यावर मी पुण्यात नोकरीला लागले, आणि बरीच वर्षं टेलिफोनच्या जाळ्यांवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर लिहिलं. कुठलं एक्स्चेंज बंद पडलं तर कॉल कुठून वळवायचे, असलं काम. मग आमच्या कंपनीकडे मेंदूचे डॉक्टर आणि संशोधक यांच्या एका गटाचं काम आलं. त्यांना ईईजीच्या नोंदींवर जाळ्याचं गणित चालवायचं होतं. मेंदूतलं मला शून्य कळत होतं, पण जाळं कळत होतं. एक्स्चेंजच्या जागी मेंदूचे भाग घातले की बाकी गणित तेच.

त्या गटाला ज्या अवस्थेचा अभ्यास करायचा होता तिला डॉक्टर एमसीआय म्हणतात, माइल्ड कॉग्निटिव्ह इम्पेअरमेंट. मराठीत अजून रुळलेला शब्द नाही. वयाचं साधं विसरणं एका बाजूला, आणि स्वतःचं स्वतःला करता न येण्याइतका स्मृतिभ्रंश दुसऱ्या बाजूला, यांच्यामधला हा पट्टा. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या रोनाल्ड पीटरसन यांनी १९९९ मध्ये त्याच्या खुणा नेमक्या मांडल्या. माणसाला विसरायला होतंय अशी तक्रार हवी, शक्यतो घरातल्या कुणीतरी तिला दुजोरा दिलेला हवा. वयाच्या मानाने चाचणीत स्मरणशक्ती कमी भरली पाहिजे. पण बाकीची बुद्धी शाबूत, रोजचे व्यवहार चालू, आणि स्मृतिभ्रंश म्हणावा असं काही नाही. त्या 'दुजोरा' शब्दाकडे तेव्हा माझं लक्षच गेलं नव्हतं.

हा पट्टा महत्त्वाचा का, तर दवाखान्यात येणाऱ्या अशा रुग्णांपैकी वर्षाला साधारण शंभरातले दहा ते पंधरा पुढे स्मृतिभ्रंशाकडे सरकतात. त्याच वयाच्या निरोगी माणसांत हे प्रमाण एक-दोन असतं. पण सगळेच सरकत नाहीत. काही वर्षानुवर्षं तिथेच राहतात, काही तर पुन्हा नेहमीसारखे होतात. कोण सरकणार हे आधी ओळखता आलं तर? सगळा खटाटोप त्यासाठी.

आता जाळ्याचं गणित, पण आपल्या भाषेत. आपण शाळेत होतो तेव्हाची रेल्वे आठवा. आपली लाइन अकोला ते पूर्णा, मधे हिंगोली. परभणीला रेल्वेने जायचं तर पूर्णेला उतरायचं आणि गाडी बदलायची. आता समजा पूर्णा जंक्शन काही दिवस बंद पडलं. रूळ जागेवर आहेत, हिंगोली स्टेशन आहे, परभणी स्टेशन आहे. एकही गाव नकाशावरून पुसलं गेलेलं नाही. पण हिंगोलीहून परभणीला जायला अकोला, भुसावळ, मनमाड, औरंगाबाद असा फेरा मारून यावं लागेल. दीड-दोन तासांचा रस्ता दिवस खाईल. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, परभणीच हरवली!

जाळ्याच्या गणितात पहिलं माप हेच. कुठल्याही दोन ठिकाणांमध्ये सरासरी किती टप्पे पडतात? याला मार्गाची लांबी म्हणतात. दुसरं माप म्हणजे शेजार किती घट्ट आहे, माझे दोन मित्र एकमेकांचेही मित्र आहेत का. आणि तिसरं जंक्शन, म्हणजे ज्या ठिकाणाहून सगळ्यांत जास्त रस्ते जातात ते. १९९८ मध्ये डंकन वॉट्स आणि स्टीव्हन स्ट्रोगॅट्झ या दोघांनी दाखवलं, की एका सूक्ष्म कृमीची मज्जासंस्था, अमेरिकेतलं विजेचं जाळं आणि सिनेनटांच्या ओळखी, या तिन्हींची बांधणी एकाच धाटणीची आहे. शेजार घट्ट, आणि तरी दूरच्या माणसापर्यंत दोन-चार टप्प्यांत पोहोचता येतं. आजचा मेळावा याचंच उदाहरण. तीस वर्षं संपर्क नसलेल्या आपल्या वर्गाला दोन माणसांनी दीड महिन्यात शोधून काढलं. ते दोघे आपले जंक्शन. त्यांचा फोन पाण्यात पडला असता तर आज हा मांडव रिकामा असता.

हे मेंदूला लावायचं कसं? जर्मनीत हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये माणसाच्या डोक्यावरून मेंदूची वीज पहिल्यांदा टिपली. तीच ही ईईजी, आज जिल्ह्याच्या ठिकाणीही होते. डोक्यावर ठरलेल्या जागी साधारणपणे १९ इलेक्ट्रोड लावतात आणि डोळे मिटून दहा मिनिटं शांत बसवतात. १९ जागांच्या जोड्या होतात १७१. प्रत्येक जोडीसाठी संगणक तपासतो, की या दोन जागांच्या लहरी एकमेकींशी ताल धरून चालल्या आहेत का. ताल असेल तर दोघींत रस्ता आहे असं धरायचं. असे रस्ते जोडत गेलं की जाळं तयार होतं.

ऐकायला सोपं वाटतं, पण खरी मारामारी इथेच आहे. रामलीला मैदानावर दसऱ्याचा भोंगा लागला की मंगळवारा बाजारातल्या दोन घरांत एकाच वेळी तेच गाणं ऐकू येतं. म्हणून ती दोन घरं एकमेकांशी बोलतायत का? नाही. दोघांनी एकच भोंगा ऐकला. डोक्यावर हेच होतं. आत एका ठिकाणी उठलेली लहर कवटीवर पसरते आणि शेजारच्या तीन-चार इलेक्ट्रोडना एकाच क्षणी मिळते. संगणक म्हणतो, वा, काय ताल आहे! सगळं जाळं खोटं. आम्सटरडॅमचे कॉर्नेलिस स्टॅम आणि त्यांचे सहकारी यांनी २००७ मध्ये यावर एक उपाय सुचवला. अगदी त्याच क्षणी जुळणाऱ्या लहरी मोजायच्याच नाहीत. एक लहर सातत्याने दुसरीच्या किंचित मागे असेल तरच रस्ता धरायचा. प्रश्न आणि उत्तर यांत थोडा वेळ जातोच ना, तसं. ही युक्ती मी पहिल्यांदा वाचली तेव्हा खुर्चीत बसून एकटीच हसले होते, इतकी साधी होती. आपल्या औंढ्याजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहणार आहे, तिथलं कामही शेवटी हेच, गोंगाटातून कुजबुज वेगळी काढायची.

त्याच वर्षी त्याच गटाने अल्झायमर झालेल्या १५ माणसांची ईईजी तुलनेसाठी घेतलेल्या १३ माणसांशी ताडून पाहिली. रुग्णांच्या मेंदूत मार्गाची लांबी वाढलेली होती, म्हणजे टप्पे वाढले होते. १५ आणि १३ म्हणजे आपल्या वर्गातले फार तर सात-आठ बाक, एवढ्याशा माणसांवर फार मोठी इमारत बांधू नये. पण पुढे दुसऱ्या बाजूनेही काही कळत गेलं. २००९ मध्ये हार्वर्डच्या रँडी बकनर यांच्या गटाने दाखवलं, की मेंदूतली मोठी जंक्शनं जिथे आहेत, जवळपास तिथेच अल्झायमरमधलं अमायलॉइड नावाचं प्रथिन साठलेलं सापडतं. ज्या स्टेशनावर सगळ्यांत जास्त गाड्या, तेच आधी झिजतं की काय? २०१२ मध्ये आम्सटरडॅमच्याच लोकांनी संगणकावर मेंदूचं प्रारूप करून बघितलं. जास्त काम करणारा भाग जास्त झिजतो एवढाच नियम घातला, तर जंक्शनं आधी पडली आणि जाळं आजाऱ्यासारखं दिसू लागलं. यातून कारण सिद्ध होत नाही. पण विसरणं म्हणजे कपाटातून वस्तू गायब होणं, ही जी आपली समजूत असते तिला यामुळे धक्का बसतो. बऱ्याचदा वस्तू आतच असते, पोहोचायचा रस्ता लांबलेला असतो.

आता पुन्हा आमच्या घरी. संशोधक गटाला तुलनेसाठी निरोगी ज्येष्ठ हवे होते. मी मोठ्या उत्साहाने बाबांचं नाव दिलं. निरोगी म्हणून! आज मागे वळून पाहिलं की कळतं, मला पुरावा हवा होता. यंत्राने 'ठीक आहे' म्हटलं की आईची टिंबं पुसून टाकायला मी मोकळी.

जानेवारी २०१८. आई आणि बाबा रात्रीच्या बसने पुण्याला आले. केसांना तेल लावू नका असं दोनदा फोनवर सांगितलं होतं, कारण तेलावर इलेक्ट्रोड नीट चिकटत नाही. बाबा तेल लावूनच उतरले. "तेल न लावता परगावी जातं का कुणी?" माझ्या बाथरूममध्ये शिकेकाईने डोकं धुऊन त्यांना घेऊन गेले. ईईजी झाली. मग एका डॉक्टर मॅडमनी त्यांच्या चाचण्या घेतल्या. शंभरातून सात सात वजा करत जा म्हटल्यावर बाबांनी धडाधडा उत्तरं दिली, शेवटी 'दोन उरले' हेही सांगून टाकलं. पाच शब्द लक्षात ठेवायला सांगितले आणि थोड्या वेळाने विचारले. एकही आला नाही. "कुठले शब्द?" म्हणाले. शब्द सांगितले होते हेच आठवत नव्हतं.

नियमाप्रमाणे आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना नोंदीवर नाव दिसत नाही, फक्त क्रमांक. पण तारीख दिसते. त्या रात्री मी ती फाइल उघडली. उघडायला नको होती, हे मला तेव्हाही माहीत होतं. जाळं काढलं, मापं काढली आणि बाकीच्यांशेजारी मांडून पाहिली. मार्गाची लांबी रुग्णांच्या बाजूला गेलेली. पलीकडच्या खोलीत बाबा घोरत होते. त्या रात्री मी किती वेळा तोच प्रोग्राम चालवला असेल, सांगत नाही.

सकाळी तंत्रज्ञ मुलाने मूळ नोंद पाहिली आणि म्हणाला, "हे तर पेंगलेत." बारा तासांच्या बसप्रवासाने बाबांना खुर्चीत डुलकी लागत होती. जागेपणी डोळे मिटले की सेकंदाला आठ ते तेरा वेळा येणाऱ्या लहरी दिसतात. झापड आली की त्या मोडतात आणि संथ लहरी येतात. आजारातही लहरी संथ होतात. माझ्या प्रोग्रामला दोन्हींतला फरक कळत नव्हता. तिसऱ्या दिवशी, झोप पुरी झाल्यावर पुन्हा ईईजी घेतली. या वेळी सगळी मापं निरोगी माणसांच्या घोळक्यात. मी पेढे आणायचे तेवढे बाकी ठेवले होते.

मॅडमनी मला समोर बसवलं. म्हणाल्या, "पहिल्या आलेखाने तुमचे बाबा आजारी ठरले नव्हते, आणि दुसऱ्याने बरेही ठरत नाहीत. हा आलेख घोळक्याबद्दल बोलतो, एका माणसाबद्दल नाही." मग त्या आईकडे वळल्या आणि विचारलं, "हे तुमच्या कधी लक्षात आलं?" आईने पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली कालनिर्णयची दोन वर्षांची पानं काढली. मला न सांगता घेऊन आली होती. मॅडमनी एकेक पान पाहिलं. दहा मिनिटं तरी पाहत होत्या. निरोगी गटातून बाबांचं नाव निघालं आणि एमसीआय म्हणून लागलं. त्यात आईची पानं आणि न आठवलेले पाच शब्द, एवढंच धरलं होतं. माझ्या १७१ जोड्या कुठेच नव्हत्या.

घोळका आणि एक माणूस यांतला फरक सरांना लगेच कळेल. जिल्ह्याच्या दहावीच्या निकालाची टक्केवारी खरी असते, तिचा उपयोगही असतो. पण तिच्यावरून शेवटच्या बाकावरचा अमुक पास की नापास, हे सांगता येत नाही. एमसीआयच्या बाबतीत तर घोळक्याचे निकालही एकमेकांशी जुळत नाहीत. काही अभ्यासांत या अवस्थेत मेंदूच्या भागांतला ताल कमी दिसतो, काहींत वाढलेला दिसतो. सुरुवातीला मेंदू जास्तीची धावपळ करून भरून काढतो, असं एक स्पष्टीकरण दिलं जातं. मला विचाराल तर निम्मा दोष आमच्या जमातीचा आहे. किती ताल असला की रस्ता धरायचा, ही रेघ माणूस ठरवतो. रेघ थोडी वर घेतली तर एक निकाल, खाली घेतली तर दुसरा. मी स्वतः एका दुपारी रेघ सरकवून बाबांना तीन वेळा आजारी आणि दोन वेळा बरं केलंय! तेव्हापासून 'संगणकाने दहा मिनिटांत स्मृतिभ्रंश ओळखला' अशी बातमी कुणी ग्रुपवर टाकली की मी एवढंच विचारते, रेघ कुठे मारली होती, आणि माणसं झोपलेली होती का जागी?

म्हणून हे काम फुकट आहे असं नाही, मी अजून त्याच कामात आहे. कारण कागदावरच्या चाचण्यांची मोठी अडचण आहे. त्या शाळा शिकलेल्या माणसासाठी बनल्या. घड्याळ काढा, वाक्य लिहा, आजची तारीख सांगा. कधी पेन्सिल न धरलेल्या आजीला घड्याळ काढता आलं नाही तर तो आजार की अक्षरओळख नसणं? १९९० च्या दशकात हरियाणातल्या बल्लभगडला यासाठी निरक्षर माणसांना विचारता येईल अशी हिंदी चाचणी तयार झाली. पुढे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, भारतीय भाषांत चाचण्यांचा संच केला. त्याच्या पहिल्या पाच भाषांत हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड, मल्याळम होत्या. मराठी नव्हती. आणि गरज किती मोठी आहे बघा. भारतभर केलेल्या पाहणीचे २०२३ मध्ये आलेले आकडे सांगतात, की साठीपुढच्या शंभरातल्या ७.४ जणांना स्मृतिभ्रंश आहे, म्हणजे जवळपास ८८ लाख माणसं. पुरुषांपेक्षा बायकांत जास्त, शहरांपेक्षा खेड्यांत जास्त. ईईजीला लिहिता-वाचता यावं लागत नाही. म्हणून मला तिची आशा वाटते.

अजून एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण ती आपल्या जुन्या राजधानीतली आहे. हैदराबादच्या निजाम्स इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. सुवर्णा अल्लादी आणि सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांचा अभ्यास करून २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. एकच भाषा बोलणाऱ्यांपेक्षा दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांना हा आजार सरासरी साडेचार वर्षं उशिरा जडला होता. महत्त्वाचं म्हणजे हा फरक शाळेत न गेलेल्यांतही दिसला. जगात सगळीकडे असाच निकाल आलेला नाही, वाद चालू आहे. एक अंदाज असा, की रोज दोन भाषांत जा-ये करणाऱ्या मेंदूत पर्यायी रस्ते जास्त तयार होतात. पूर्णा बंद पडली तरी एसटी असते, तसं. मी हे वाचलं तेव्हा बाबांची उर्दू आठवली. २०१९ मध्येही, सकाळी काय जेवले हे सांगता येत नसताना, त्यांनी कळमनुरीच्या एका शेतकऱ्याचा जुना उर्दू कागद अडखळत का होईना वाचून दाखवला होता.

तर माझ्या मित्राच्या रात्री साडेअकराच्या प्रश्नाचं उत्तर. चष्मा कुठे ठेवला हे विसरणं वयाचं असू शकतं. पण माणूस आधी जे सहज करायचा, त्याच्या त्या नेहमीच्या कामात बदल झाला असेल, आणि तो काही महिने टिकून असेल, तर डॉक्टरकडे जा. आमच्याकडे मॅडमनी आधी बी-१२, थायरॉइड, रक्तदाब, साखर तपासली. मन उदास आहे का हे विचारलं, झोपेच्या आणि इतर कुठल्या गोळ्या चालू आहेत ते पाहिलं, कान तपासले. यातल्या काही गोष्टी दुरुस्त होतात, आणि दुरुस्त झाल्या की विसरणंही कमी होऊ शकतं. बाबांचं बी-१२ कमी निघालं, इंजेक्शनं झाली. कानाचं यंत्र मात्र आजतागायत टेबलाच्या खणात आहे. २०२४ मध्ये लॅन्सेटच्या तज्ज्ञ गटाने टाळता येण्यासारखी चौदा कारणं सांगितली, त्यात बहिरेपण आहे, रक्तदाब आणि मधुमेह आहे, एकटेपण आहे, लहानपणी कमी मिळालेलं शिक्षणही आहे. नवी औषधं आली आहेत, अमेरिकेत २०२३ मध्ये लेकानेमॅबला पूर्ण मान्यता मिळाली. ते आजार थांबवत नाही, वेग थोडा कमी करतं. आधी अमायलॉइड आहे हे सिद्ध करावं लागतं, मेंदूला सूज किंवा रक्तस्राव होत नाही ना म्हणून वारंवार एमआरआय काढावे लागतात. आपल्या गावच्या माणसाला सध्या तरी ते कितपत झेपेल, विचार करून ठरवा.

आणि जाताना घरच्या माणसाला सोबत न्या. मुलगा किंवा मुलगी नव्हे, रोज सोबत राहणारं माणूस. आपण दिवाळीला येतो, चार दिवस राहतो, आणि तेवढ्यात आईवडील आपल्यासाठी चांगलं वागून दाखवतात. बाबाही दाखवायचे.

पुढे काय झालं, ते बरेच जण विचारतात. तीन-साडेतीन वर्षं बाबा जवळपास तिथेच राहिले. २०२१ नंतर उतार लागला. आता एमसीआय म्हणण्याची अवस्था मागे गेली आहे. आज सकाळी मी साडी नेसून निघाले तेव्हा त्यांनी विचारलं, "कुठं चाललीस?" म्हटलं, "शाळेत." "मग डबा घेतलास का?" आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "घेतलाय हो." दूध अजून कालनिर्णयवरच लिहिलं जातं. आता सगळे आकडे पेन्सिलीचे असतात.

संयोजक घड्याळाकडे बघतायत. ज्यांना घरच्या कुणाबद्दल विचारायचं असेल त्यांनी जेवताना माझ्याजवळ येऊन बसा. मी डॉक्टर नाही, पण कोणत्या डॉक्टरकडे जायचं आणि जाताना काय काय लिहून न्यायचं, एवढं नक्की सांगू शकते.